कडक भाकरीची थरथर

अभिमन्यू,

प्रिय वगैरे लिहीत नाही. प्रिय माणसं सांगितलेलं काम करतात. तुझ्या राहिलेल्या कामाकडे शेवटी येते.

सोसायटीच्या स्मरणिकेत ‘आपल्यातलं एक माणूस’ असं सदर आहे, त्यात कोणावर तरी लिहा म्हणून सेक्रेटरी माझ्या मागे लागले. त्यांच्या मनात त्यांचे सासरे होते, हे मला दिसत होतं. मी तुझं नाव सांगितलं. “तो भाडेकरू होता, आणि आता पुण्याला गेला,” ते म्हणाले. मी म्हटलं, गेलेल्या माणसावर लिहिलेलं बरं, तो मधे येऊन दुरुस्त्या सुचवत नाही. तेव्हा हे पत्र तुला आहे, पण वाचणार सगळे. तुला माहीत असलेल्या गोष्टीही सांगाव्या लागतील. तेवढ्यापुरता गप्प बस.

तू जेऊरचा. वडील लवकर गेले, मुक्ताबाईंनी शेत सांभाळलं आणि तुला मेकॅनिकल इंजिनियर केलं. नोकरी पुण्याच्या कंपनीत, पण काम घरून, म्हणून जुळे सोलापुरात माझ्या डोक्यावरचा फ्लॅट भाड्याने घेतलास. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, वर कोणीतरी भिंतीत खिळे ठोकतंय. टक. टक टक. मग थोडी शांतता, मग परत टक. जाब विचारायला वर येणार होते, तेवढ्यात तूच खाली आलास, नळाला पाणी आज येणार की उद्या हे विचारायला. उत्तर ऐकेपर्यंत तू माझ्या स्वयंपाकघराच्या दारातल्या सिलेंडरला वरून खालपर्यंत बोटाने ठोकून पाहिलंस.

“बाई, अर्ध्याच्या खाली आलाय.”

“तुला कोणी विचारलं?”

“नाही. सवय आहे.”

ती सवय इमारतभर पसरली. सणाच्या आधी बायका तुला हाका मारायच्या, आणि तू मीटिंगमधून कानातले हेडफोन काढून जायचास, सिलेंडर ठोकायचास, परत यायचास. पलीकडच्या इमारतीतले लोक तर तुला गॅस एजन्सीचा माणूस समजत. तू कलिंगड ठोकायचास, दार ठोकायचास, रिक्षात बसलास की दांडा ठोकायचास. जगात जे जे घट्ट आहे ते ठोकल्यावर काय म्हणतं, हे ऐकल्याशिवाय तुला चैन पडत नसे.

तुझं काम नेमकं काय, हे मला कळायला वेळ लागला. मी निवृत्त होईपर्यंत कॉलेजात गणित शिकवलं. दोष माझ्या डोक्याचा नव्हता. तू समजावून सांगण्यात फार वाईट.

“बाई, समजा एक प्लेट आहे.”

“समजली.”

“ती थरथरते.”

“का?”

“म्हणजे, थरथरवली तर.”

“कोण थरथरवतंय तिला?”

“मी.”

शेवटी मीच तुला गच्चीवर नेलं आणि कपडे वाळत घालायची माझी तार दाखवली. तार सैल असली की टिचकी मारल्यावर नुसती डुलते. टोकाचा आट्यांचा आकडा फिरवून आवळली की गुणगुणते. तार तीच, लांबी तीच. फरक पडतो तो आत बसलेल्या ताणाने. हलगी शेकल्यावर तिचा आवाज चढतो तोही याचसाठी. यंत्रांच्या भागांतही असा ताण आधीपासून बसलेला असतो, वेल्डिंग करताना, बोल्ट आवळताना, आणि तो वरून दिसत नाही. तो विसरून हिशेब केला तर यंत्र कागदावर एका सुरात थरथरतं आणि कारखान्यात भलत्याच. म्हणून संगणकावर तो भाग आधी ताणायचा आणि मग थरथरवून बघायचा. एवढंच तुझं काम. “हे बरोबर आहे की,” तू म्हणालास, जणू मीच तुझी परीक्षा देत होते.

मग होटगीचं स्थळ आलं.

मुलगी ऋतुजा. सोलापुरात औषधाच्या दुकानात काम करते, स्वतःची स्कूटी, बोलायला धीट. तिचे वडील जोतीराम रेल्वेत रूळ दुरुस्त करणाऱ्या टोळीचे मुकादम. मुक्ताबाईंची ज्वारीची काढणी चालली होती, त्यामुळे मोठं माणूस म्हणून तू मला घेऊन गेलास. वाटेत मी बजावलं होतं की तिथे काही ठोकायचं नाही. तू मान डोलावलीस.

जोतीराम सरळ माणूस. पाणी पुढे केलं आणि विचारलं, “तुमची कंपनी काय बनवती?”

“बनवत नाही. बनवणारे वेगळे. ती वस्तू कशी हलेल ते आम्ही आधी सांगतो.”

“म्हंजे तुमी ती हलवून बघता.”

“कॉम्प्युटरवर.”

“तितं ती हलती?”

“खरी नाही हलत.”

“आन पगार?”

“तो खरा आहे,” मी मधेच म्हटलं, कारण तू विचार करत होतास.

जेवायला कडक भाकरी होती. बाहेरगावी हे वाचणाऱ्यांसाठी सांगते: आमच्याकडे ज्वारीची भाकरी पातळ थापून, भाजून, मग निखाऱ्यावर दाबून दाबून अशी कडक करतात की आठवडाभर टिकते. ती आमटीत कुस्करून खायची असते. तू कुस्करली नाहीस. तू ती दोन बोटांत कडेला धरलीस, नखाने टिचकी मारलीस आणि कानाशी नेलीस. सगळी बैठक थांबली. ऋतुजा पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती, तिला हसू आवरेना. तिच्या आईला अजिबात हसू आलं नाही.

“काय म्हणती भाकरी?” जोतीरामनी विचारलं.

“बराच वेळ वाजते. चांगली आहे.”

जोतीरामनी आपली भाकरी आमटीत कुस्करली. मग म्हणाले, “आमचा थोरला, सयाजी, पुण्याला असतो. त्याला आईच्या हातची भाकरी लागती. खोक्यात भरून ट्रॅव्हल्सनं पाठवतो. कवाबी पाठवा, तितं चुराच पोचतो. पाव्हणं, तुमचं काम खरं असंल, तर हिची भाकरी पुण्याला अख्खी पोचवून दावा. मग पुढचं बोलू.”

मला वाटलं, हा नकार आहे, सभ्य भाषेतला. तुला वाटलं, हे काम मिळालं. “पातळ चकती आहे,” तू परतताना गाडीवर मागे वळून म्हणालास, “दोन दिवसांत होईल.” पुढे बघ म्हणून मी तुझ्या पाठीत बुक्की घातली. पण ऋतुजाचा तांब्या धरलेला हात आणि ते हसू तू विसरला नव्हतास. वळणावळणावर तुझी गाडी उगाच डुलत होती, आणि रस्ता चांगला होता.

दोन दिवसांत काही झालं नाही. तू भाकरीची जाडी मोजलीस, वजन केलंस, सगळं संगणकात घातलंस. संगणक म्हणाला, ही या सुरात वाजेल. भाकरी दुसऱ्याच सुरात वाजत होती. एक नाही, सगळ्याच. भाकऱ्या ऋतुजा आणून द्यायची, आईला न सांगता, दुकानात येताना. त्या होटगीहून स्कूटीवरून अख्ख्या येत, याचं तुला नवल वाटायचं. डिकीत नाही, पिशवीत नाही. मैत्रीण स्कूटी चालवायची आणि ही मागे भाकऱ्या धरून बसायची. तू तिला माझ्या दिवाणखान्यात स्टुलावर बसवून विचारलंस, “तुझी बोटं नेमकी कुठे होती?” आणि भाकरीवर खडूने खुणा केल्यास. मी स्वयंपाकघरात गेले. लग्न ठरवायला आलेल्या माणसांनी एकमेकांच्या बोटांबद्दल बोलणं रीतीला धरून आहे की नाही, ते मला ठरवता येईना.

संगणकातल्या भाकरीला कोणीच धरलेलं नव्हतं, म्हणून खरी भाकरीही अधांतरी वाजवायची असं तू ठरवलंस. पायजम्याच्या इलॅस्टिकने भाकऱ्या माझ्या गच्चीवरच्या तारेला टांगल्यास. तर तार स्वतःच गुणगुणायला लागली आणि तिचा सूर भाकरीच्या सुरात मिसळायला लागला. मग मला न विचारता तू तार सैल केलीस. ती आवळायचा आकडा जुना होता, पिरगाळताना त्याचे आटे गेले. “बाई, अगदी असाच आणतो, मापाला,” तू म्हणालास आणि आकडा खिशात टाकलास. हे वाचकांनी लक्षात ठेवावं.

गच्चीवर भाकऱ्या लोंबताना पाहून कावळे जमले. कावळे पाहून समोरच्या इमारतीतल्या एका बाईंनी हात जोडले. सेक्रेटरी वर आले.

“वर्षश्राद्ध कोणाचं?”

“कोणाचं नाही. लग्न आहे,” मी म्हटलं.

“कोणाचं?”

“अजून ठरायचंय. भाकरी पोचली तर.”

ते खाली गेले आणि सोसायटीच्या ग्रुपवर सूचना आली की गच्चीवर खाद्यपदार्थ टांगू नयेत. सेक्रेटरी, हे तुम्ही छापाल की नाही ते मला माहीत नाही, पण झालं ते असंच.

तू चार पावलं मागे आणि चार पुढे असा गच्चीभर फिरायचास. चेहरा उतरला होता. एकदा मी सरळ विचारलं, “कंपनीच्या कामात असं चुकलं तर काय करतोस?” तू म्हणालास, “बघतो काय विसरलो ते.” आणि मग तू जे विसरला होतास ते तुला ऋतुजाने सहज बोलता बोलता सांगितलं. ती माझ्या दिवाणखान्यात वेणीला रबर लावत होती, तुझ्याकडे बघतही नव्हती. “आई आधी कडा कडक करते, फडक्यानं दाबत दाबत फिरवून. मधलं शेवटी वाळतं.” तू उभा राहिलास. ज्या माणसाचं पोट यावर चालतं, तो भाकरीत आधीपासून ताण बसलेला असेल हेच विसरला होता. कडा आधी वाळून घट्ट होतात, मागाहून मधला भाग आकसायला जातो तर कडा त्याला आकसू देत नाहीत. भाकरी ताटात निवांत पडलेली दिसते, पण आत ती ओढलेली असते. तू जिना एका दमात चढलास. संगणकात भाकरी आधी कडेने वाळवलीस, मग मधे, आणि मग थरथरवलीस. मी मिक्सरमध्ये वाटण घातलं होतं, तेव्हा धावत खाली आलास.

“बाई, जुळलं.”

“काय?”

“सूर.”

“मिक्सर बंद करू दे, मग सांग.”

मिक्सर बंद केला तर तू पुन्हा वर गेला होतास.

इथवर सगळं बरं होतं. मग तू शहाणपणा केलास. हिशेबाचं रंगीत चित्र ऋतुजाच्या आईला फोनवर पाठवलंस, आपण काय करतो ते त्यांना कळावं म्हणून. तुमच्या त्या चित्रांत जिथे ताण जास्त तिथे तांबडा रंग, कमी तिथे निळा, मध्यम तिथे हिरवा. ऋतुजाचा मला फोन आला. “बाई, आई जेवत नाहीये.”

मी तिच्या आईशी बोलले. “माझी भाकरी करपवून दावली,” ती म्हणाली. “मधी तांबडी लाल. माझ्या हातून येक भाकरी करपली न्हाय आजवर.”

“करपलेलं नाही ते. तांबडं म्हणजे तिथे ओढ जास्त आहे.”

“आन हिरवं?”

“हिरवं म्हणजे ठीक आहे.”

“हिरवं म्हंजे बुरशी, बाई. मला कळतंय की.”

त्यात तू ते हलणारं चित्रही पाठवलं होतंस, ज्यात थरथर डोळ्यांना दिसावी म्हणून खूप वाढवलेली असते. त्यात भाकरी पंख हलवल्यासारखी फडफडत होती. जोतीरामनी ते रेल्वेतल्या सगळ्या टोळीला दाखवलं. टोळीत एकमत झालं की ते वाघूळ आहे.

मी तुला सांगितलं, आता चित्र नको, भाकरी पाठव. चित्रातून तू एवढं शिकला होतास: भाकऱ्या एकावर एक आडव्या ठेवल्या की हादऱ्याने एकमेकींना फोडतात. त्या उभ्या ठेवायच्या, आणि जिथे हलणं सगळ्यात कमी तिथेच हलक्या हाताने धरायच्या. त्या जागा ऋतुजाच्या बोटांच्या खुणांपासून फार लांब नव्हत्या, आणि हे सांगताना तुझे कान लाल झाले. उभं ठेवायला काय वापरावं, म्हणून तू माझ्या स्वयंपाकघरात नजर फिरवलीस. माझं ताटाळं गेलं. जुन्या चादरीच्या पट्ट्या तारांना गुंडाळून, एकेका फटीत एकेक भाकरी उभी करून, ताटाळं खोक्यात बसवून तू ते ट्रॅव्हल्सच्या हवाली केलंस. त्या दिवशी माझी ताटं ओट्यावर एकावर एक पडून होती आणि तू माझ्या सोफ्यावर फोन धरून.

सयाजीचा फोटो आला, थेट जोतीरामना. फोटोत एक मोठा वाडगा होता आणि वाडग्यात भाकरीचा चुरा.

झालं असं की सयाजी कामावरून भुकेला आला, खोकं फोडलं, भाकऱ्या अख्ख्या पाहून त्याला फार आनंद झाला, आणि त्या आनंदात त्याने रीतीप्रमाणे सगळ्या आमटीसाठी कुस्करल्या. फोटो काढायचं त्याला मग आठवलं.

“अख्ख्या हुत्या, आण्णा,” तुलाही जोडून घेतलेल्या फोनवर तो वडिलांना सांगत होता.

“मला दिसतोय तो चुराच की.”

तू मधे बोललास, बोलायला नको होतंस. “हाताने कुस्करलेला चुरा आणि हादऱ्याचा चुरा वेगळा असतो. तुकड्यांच्या कडा बघितल्या तर सांगता येईल. सयाजीभाऊ, जवळून एक फोटो पाठवाल का?”

“खाल्ला,” सयाजी म्हणाला.

 जोतीराम म्हणाले, “मी सोता नेतो. डोळ्यानं बघतो. न्हाय पोचल्या, तर इषय संपला.”

दुसरं, मोठं ताटाळंही गेलं. सोलापूर स्टेशनवर तू भाकऱ्या लावलेलं ताटाळं त्यांच्या मांडीवर ठेवलंस आणि गाडी सुटेपर्यंत खिडकीतून सूचना देत राहिलास. गाडी गेल्यावर तुझा चेहरा असा झाला की मला तुला चहा पाजावा लागला. फलाटावर एक लोखंडी खांब होता. तू तो ठोकला नाहीस. तेव्हा मला कळलं, ही मुलगी तुला खरोखरच हवी आहे.

पुढचं घडलं तेव्हा मी तिथे नव्हते. पण जोतीराम आणि मुक्ताबाई दोघांकडून ऐकलंय, आणि दोघांचं जुळतं.

घाबरून तू आईला फोन केला होतास की अमुक गाडीने जोतीराम जेऊरवरून जाणार आहेत. गाडी जेऊरला जेमतेम थांबते. पण आपल्या गावावरून होणारे व्याही जाणार आणि आपण शेतात, हे मुक्ताबाईंना पटेना. त्या येसर आमटीचा, म्हणजे भाजलेल्या धान्याचा मसाला घातलेल्या आमटीचा, कडीचा डबा घेऊन फलाटावर उभ्या.

“होटगीचं पाव्हणं कुटं हायती?” त्या खिडक्याखिडक्यांतून विचारत गेल्या. एकाने बोट दाखवलं, “ते ताटाळंवाले का?”

डबा हातात द्यायला त्या आत चढल्या. नमस्कार, बसा-उठा, तुमी कशा, आमी बरं. तेवढ्यात गाडी हलली.

“आता वो?” जोतीराम म्हणाले.

“आता दौंड,” मुक्ताबाई बसत म्हणाल्या. “तवर जेवून घिऊ. आमटी निवतीया.”

“भाकरी?”

“म्या न्हाय आणल्या. तुमच्यापाशी हायती की ताटाळंभर.”

“त्या परीक्षेच्या हायती, व्हयनी.”

“परीक्षा काय उपाशी घेत्यात व्हय? बघा तर खरं, कशा हायती.”

जोतीरामनी पट्टी सोडली. पहिली अख्खी. दुसरी अख्खी. एकेक वर काढून ते उजेडात धरत होते, आणि मुक्ताबाई सांगतात की पुढे त्यांनी नखाने टिचकी मारली आणि भाकरी कानाशी नेली. शेजारचा प्रवासी म्हणाला, “फुटली का?” जोतीराम म्हणाले, “न्हाय. वाजती अजून.” मग त्यालाही ऐकायची होती. समोरच्या बाईलाही. डब्यातल्या लोकांनी भाकऱ्या वाजवल्या आणि वाजवलेली भाकरी परत कशी ठेवायची, म्हणून खाल्ल्या. मुक्ताबाईंनी आमटी वाढली. भिगवणच्या आसपास लग्नाची बोलणी झाली, कोणाकडे करायचं, किती माणसं, मानपान नको. दौंडला मुक्ताबाई उतरल्या तेव्हा ताटाळं रिकामं होतं.

पुणे स्टेशनवर सयाजी उभा.

“भाकरी?”

“अख्ख्या हुत्या.”

“कुटं हायत मग?”

“म्या बघितल्या,” जोतीराम म्हणाले.

सयाजीने रिकाम्या ताटाळ्याचा फोटो काढून आम्हा सगळ्यांना पाठवला. खाली काही लिहिलं नाही.

होटगीला पक्कं करायला आपण गेलो तेव्हा जोतीराम तुला म्हणाले, “पाव्हणं, तुमचं काम मला आजून न्हाय कळलं. पर भाकरी पोचली.”

आणि तू, दिवटा, म्हणालास, “जेऊरपर्यंत. त्यापुढचं अजून सिद्ध झालेलं नाही.”

मी तुझ्या पायावर पाय दिला. सगळा भार टाकून दिला. ऋतुजाने ते पाहिलं आणि परत तिला तेच हसू आवरेना. तिची आई मात्र आतून ओरडली, “आन त्यो रंगीत फोटू मोबाईलातनं काढून टाका म्हणावं आदी.” तो तू सगळ्यांसमोर काढून टाकलास. तेवढी एक गोष्ट तू सांगितल्याबरोबर केलीस.

लग्नानंतर कंपनीने तुला पुण्याला बोलावलं. माझी दोन्ही ताटाळी तिथेच होती, ती मी आहेर म्हणून लिहून टाकली. नव्या भाडेकरूला काही ठोकायची सवय नाही. माझा सिलेंडर परवा भाजी अर्धी शिजलेली असताना संपला.

आता तुझं काम. गच्चीवरची तार तू सैल केलीस त्याला आता पुढचा उन्हाळा आला. आकडा तुझ्या खिशात. मी हार्डवेअरच्या दुकानात गेले तर तो विचारतो, माप काय. मी म्हटलं, माप पुण्याला आहे. तुला फोन केला, तू म्हणालास, “बाई, सापडला, निळ्या पँटमध्ये होता. तुम्ही आणू नका, चुकीचा आणाल. मी येताना घेऊन येतो.” दिवाळीला आलास तेव्हा तपकिरी पँट घालून आलास. संक्रांतीला आलात तेव्हा ऋतुजाने आठवण केली होती म्हणे, पण सयाजीला द्यायच्या भाकऱ्यांच्या नादात राहिला. पोस्टाने पाठव म्हटलं, तर पोस्टात हादरे किती बसतात ते आधी बघतो म्हणालास.

आता तू माझ्याकडे मागितलेलंही एक सांगून टाकते, कारण तू गेल्या फोनवर ते काढलंस. जाताना तू म्हणाला होतास, “बाई, तार आवळलीत की एकदा टिचकी मारून तिचा आवाज मला पाठवा.” पाठवणार होते, पण आकड्याशिवाय आवळू कशी? तार चिंधीने बांधून लोंबते आहे, साड्या मी बाल्कनीच्या गजांवर वाळवते.